प्रकल्प नोंदी : हा सेट कधीपासून चालतो?

७ जून २०२५

सुरुवात भांडणातून झाली. मावसभाऊ पोकेमॉन शोडाउनवर, म्हणजे पोकेमॉनच्या लढतींच्या ऑनलाइन साइटवर, चौथ्या पिढीचे (डायमंड-पर्ल आणि त्यांच्या जोडीच्या गेमचे) सामने खेळतो. काल जेवताना म्हणाला, "दादा, डायमंड-पर्लच्या काळात सगळे सायझरचा बुलेट पंचच मारत सुटले असतील." मी म्हटलं, नाही रे. डायमंड-पर्ल जपानमध्ये आले २८ सप्टेंबर २००६ ला. सायझर या पोकेमॉनला बुलेट पंच ही मूव्ह (लढाईतला वार) मिळाली त्याच पिढीच्या पुढच्या गेममध्ये, प्लॅटिनममध्ये, म्हणजे १३ सप्टेंबर २००८ ला. मधली दोन वर्षं टेक्निशियन ॲबिलिटीचा (दुबळ्या मूव्हची ताकद दीडपट करणारा अंगभूत गुण) सायझर होता, पण ज्या मूव्हसाठी तो प्रसिद्ध आहे ती त्याच्याकडे नव्हती. मूव्हची ताकद ४०, टेक्निशियनने ६०, स्वतःच्या प्रकाराची म्हणून ९०, आणि वर पहिला वार आपला. ही एक मूव्ह आल्यावर सायझर ओळखू येईना इतका बदलला.

त्याला पटलं नाही. त्याचंही चूक नाही. शोडाउनवर 'चौथी पिढी' एकच धरलेली आहे आणि तिच्यात प्लॅटिनम, हार्टगोल्ड-सोलसिल्व्हर, इव्हेंटमध्ये कंपनीने वाटलेले खास जीव असं सगळं एकत्र झालेलं आहे. जुना फॉरमॅट म्हणून आपण जो खेळतो ती त्या पिढीची शेवटच्या दिवशीची अवस्था असते. मधले दिवस कुणी खेळतच नाही.

म्हणून हा प्रकल्प. एक छोटा प्रोग्रॅम: पिढी, पोकेमॉन, ॲबिलिटी आणि चार मूव्ह (म्हणजे एक 'सेट') द्यायच्या, त्याने तारीख सांगायची, की असा एक जीव खऱ्या कार्ट्रिजवर कधीपासून तयार करता आला असता.

'लीगल' म्हणजे काय ते आजच लिहून ठेवतो, नाहीतर पुढे गोंधळ होईल. गेममध्ये छेडछाड न करता जे बनवता येतं ते लीगल. टियर, बॅन, स्लीप क्लॉज हे खेळणाऱ्यांनी घातलेले नियम, त्यांचा इथे संबंध नाही. (कॅफेतल्या संगणकावर चोरून उतरवलेल्या एम्युलेटरवर एमराल्ड खेळून मोठा झालेला माणूस लीगलवर प्रवचन देतोय, याची मला जाणीव आहे.)

८ जून

शोडाउनचा डेटा खुला आहे. प्रत्येक पोकेमॉनपुढे प्रत्येक मूव्ह आणि तिच्यापुढे बारीक खुणा. आकडा पिढीचा, अक्षर मार्गाचं: एम म्हणजे टीएम (मूव्ह शिकवणारी वस्तू), टी म्हणजे मूव्ह शिकवणारा ट्यूटर, एल म्हणजे लेव्हल वाढल्यावर, ई म्हणजे अंड्यातून, एस म्हणजे इव्हेंट, डी म्हणजे ड्रीम वर्ल्ड (पाचव्या पिढीची ऑनलाइन सोय), व्ही म्हणजे व्हर्च्युअल कन्सोल (जुने गेम नव्या यंत्रावर खेळायची सोय).

अडचण पहिल्या तासातच आली. '४टी' एवढंच लिहिलेलं असतं. तो ट्यूटर प्लॅटिनममधला की हार्टगोल्डमधला, हे त्या खुणेत नाही. शोडाउनला त्याची गरजही नाही, त्याला फक्त आज चालतं की नाही एवढंच हवं असतं. मला तारीख हवी, म्हणजे हे सगळं हाताने भरायचं.

तारीख कुठली धरायची, हा दुसरा प्रश्न. तिसऱ्या पिढीचा एमराल्ड जपानमध्ये सप्टेंबर २००४ मध्ये आला, अमेरिकेत मे २००५ मध्ये. सध्या सगळीकडे जपानची तारीख. सहाव्या पिढीचे एक्स-वाय (१२ ऑक्टोबर २०१३) जगभर एकाच दिवशी आले, तिथून पुढे ही कटकट बरीच कमी होते.

१४ जून

तिसरी पिढी भरली. ही पिढी सगळ्यात मजेची, कारण पाच-सहा गेम एकमेकांना पुरवण्या जोडत गेलेत.

रुबी-सफायर, नोव्हेंबर २००२. तेव्हाचा मेटाग्रॉस स्फोट करू शकत नव्हता. एक्सप्लोजन त्याला लेव्हलने मिळत नाही, त्या पिढीत त्याचा टीएमही नाही. मिळतो तो ट्यूटरकडून, फायररेड-लीफग्रीनमध्ये, २९ जानेवारी २००४. म्हणजे मेटाग्रॉस होएनमध्ये (रुबी-सफायरचा प्रदेश) वाढवायचा, केबल जोडून कँटोत (फायररेड-लीफग्रीनचा प्रदेश) न्यायचा, माउंट एंबरच्या ट्यूटरकडे शिकवायचा आणि परत आणायचा. तो ट्यूटर एका सेव्हमध्ये एकदाच शिकवतो. एका कार्ट्रिजवर एक स्फोट! आज शोडाउनवर क्लिक करून लोक दहा टीममध्ये दहा स्फोटक मेटाग्रॉस ठेवतात. त्या पिढीत एक्सप्लोजनची ताकद २५० आणि समोरच्याचा डिफेन्स निम्मा धरला जायचा, म्हणून ठेवतातच.

मग एमराल्ड. बॅटल फ्रंटियरमधल्या दोन बायका गुण घेऊन मूव्ह शिकवतात. आइस पंच ४८ गुणांना, थंडर पंच ४८, फायर पंच ४८. तिसऱ्या पिढीत मूव्ह शारीरिक की विशेष हे तिच्या प्रकारावरून ठरायचं आणि बर्फ विशेषमध्ये होता, त्यामुळे गेंगारच्या हातात आइस पंच शोभून दिसतो. रुबी-सफायरपुरतं खेळलं असतं तर गेंगार बर्फाविना.

शेवटी एक्सडी, ४ ऑगस्ट २००५, गेमक्यूबवर. त्यातल्या ट्यूटरने स्नॉरलॅक्सला सेल्फडिस्ट्रक्ट परत दिला. पहिल्या पिढीत तो टीएमने मिळायचा, तिसऱ्यात मध्येच तुटला होता. कर्स मारून फुगत जाणारा आणि अडकला की स्वतःला उडवून देणारा स्नॉरलॅक्स हा आज तिसऱ्या पिढीतला पाठ झालेला सेट आहे. माझ्या तक्त्यानुसार तो पिढी सुरू झाल्यावर पावणेतीन वर्षांनी शक्य झाला, आणि पिढीच उरली होती साधारण वर्षभर.

त्याच एक्सडीत झॅपडॉस या पक्ष्याला बॅटन पास ही मूव्ह मिळते. हा झॅपडॉस पुढे मला छळणार होता, तेव्हा माहीत नव्हतं.

२१ जून

पहिली आवृत्ती चालली. तर्क साधा ठेवला: ॲबिलिटीची आणि चारही मूव्हची सगळ्यात लवकरची तारीख काढायची, आणि त्या पाचांतली सर्वांत उशिराची ती सेटची तारीख. सायझर बरोबर. मेटाग्रॉस बरोबर. स्नॉरलॅक्स बरोबर. मावसभावाला लिंक पाठवली.

वीस मिनिटांत त्याचा मेसेज: "दादा, सातव्या पिढीचा झॅपडॉस टाक. स्टॅटिक, हीट वेव्ह, डिफॉग, रूस्ट, थंडरबोल्ट."

प्रोग्रॅम म्हणाला: जानेवारी २०१७.

"चूक," तो म्हणाला. कारण सांगेना. म्हणे, शोध.

२२ जून

शोधलं. रविवार गेला.

झॅपडॉसची नेहमीची ॲबिलिटी प्रेशर. हिडन ॲबिलिटी (खास मार्गानेच मिळणारा अंगभूत गुण) पाचव्या पिढीत लाइटनिंग रॉड होती, सहाव्यात ती बदलून स्टॅटिक झाली, आणि दोन्ही पिढ्यांत ती कुणालाच मिळाली नाही. गेमच्या आत लिहिलेली, बाहेर कधी वाटली नाही. स्टॅटिकचा झॅपडॉस पहिल्यांदा मिळाला तो भलत्याच दाराने. २७ फेब्रुवारी २०१६ ला पहिल्या पिढीचे मूळचे रेड, ब्लू, यलो निन्टेंडोच्या थ्रीडीएसवर व्हर्च्युअल कन्सोलमध्ये आले, आणि जानेवारी २०१७ मध्ये पोकेमॉन बँक (जीव एका गेममधून दुसऱ्यात नेणारी सेवा) अद्ययावत झाल्यावर तिथले जीव सातव्या पिढीच्या सन-मूनमध्ये नेता यायला लागले. नेताना त्यांना हिडन ॲबिलिटी दिली जाते. १९९६ च्या गेममधला पक्षी, ज्या काळात ॲबिलिटी ही गोष्टच नव्हती, तो स्टॅटिक घेऊन उतरला.

इथवर प्रोग्रॅम बरोबर होता. हीट वेव्ह चौथ्या पिढीपासून ट्यूटरकडून मिळतेच, डिफॉग तर २००६ पासून. म्हणून जानेवारी २०१७.

पण ती हीट वेव्ह कुणाच्या डोक्यात आहे? चौथ्या, पाचव्या किंवा सहाव्या पिढीतून आलेल्या झॅपडॉसच्या. तो प्रेशरवाला. स्टॅटिकवाला दुसराच पक्षी, तो थेट पहिल्या पिढीतून सातव्यात आलेला, मधल्या गावांना त्याने पाय लावला नाही, आणि सातव्यातून मागे जायला रस्ता नाही. सन-मूनमध्ये त्याला टीएमने थंडरबोल्ट आणि रूस्ट शिकवता यायचे, पण हीट वेव्ह आणि डिफॉग शिकवणारे ट्यूटर त्या गेममध्ये नव्हतेच. ते आले अल्ट्रा सन-अल्ट्रा मूनमध्ये, १७ नोव्हेंबर २०१७. सन-मूनमधून तिथे थेट अदलाबदल होते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून शक्य.

बरोबर उत्तर १७ नोव्हेंबर २०१७. मी दहा महिन्यांनी चुकलो.

मी पाच गोष्टींच्या पाच तारखा काढत होतो. त्या पाचही एकाच जिवात असायला हव्यात, हे प्रोग्रॅमला मी सांगितलंच नव्हतं. कागदपत्रं सगळी खरी, पण एक रेशनकार्ड काकाचं आणि आधार पुतण्याचं, तसा प्रकार.

२९ जून

पुन्हा लिहायला घेतलं. आता आधी जन्म. हा जीव कुठल्या गेममध्ये, कसा जन्मला: पकडला, अंड्यातून आला, इव्हेंटमध्ये मिळाला, एक्सडीत शुद्ध केला (तिथे काही जीव बिघडवलेल्या अवस्थेत पकडून नीट करायचे असतात). जन्माबरोबर काय कायमचं चिकटतं ते नोंदवायचं. मग तिथून पुढे जाणारे रस्ते, प्रत्येक थांब्यावर काय शिकता येतं आणि तो थांबा कधी उघडला. एका जन्माच्या आत सगळ्यात उशिराची तारीख, आणि सगळ्या जन्मांमधून सगळ्यात लवकरची.

६ जुलै

रस्त्यांचा नकाशा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या मध्ये पूल नाही, गेमबॉय कलर आणि ॲडव्हान्स यांच्यात देवाणघेवाण कधीच झाली नाही. तिसऱ्यातून चौथ्यात पाल पार्क, एकेरी. चौथ्यातून पाचव्यात एकेरी. पाचव्यातून पुढे बँक. आणि २०१७ चा तो उड्डाणपूल, एकमधून थेट सातमध्ये.

त्या उड्डाणपुलावर एक गंमत सापडली. पहिल्या पिढीत स्वभाव नावाची गोष्ट नाही, मग सातव्यात उतरताना स्वभाव कसा ठरतो? जिवाच्या एकूण अनुभवगुणांना २५ ने भागायचं, बाकी उरेल त्यावरून. बाकी शून्य तर हार्डी, ५ तर बोल्ड, १० तर टिमिड. पॉवर प्लांटमधला झॅपडॉस लेव्हल ५० चा असतो, अनुभव १,५६,२५०. पंचविसाने नि:शेष भाग जातो. म्हणजे पकडल्या पकडल्या पाठवला तर हार्डी. लेव्हल १०० ला १२,५०,०००, पुन्हा बाकी शून्य, पुन्हा हार्डी, आणि आता अनुभव वाढतच नाही, म्हणजे सुटकाच नाही. बोल्ड हवा असेल तर मधे कुठेतरी वहीत हिशेब करत लढाया करायच्या आणि बाकी ५ आली की थांबायचं.

तारखेवर याचा काही परिणाम नाही. तरी अर्धा दिवस यात गेला आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

१२ जुलै

डिफॉग. या एका मूव्हवर वेगळी नोंद हवी.

चौथ्या पिढीत डायमंड, पर्ल, प्लॅटिनममध्ये डिफॉग हा एचएम (नकाशावर वाट काढायला वापरायची मूव्ह) होता, धुकं घालवायला. कुणी मनापासून शिकवत नसे, वाटेसाठी पाळलेल्या एखाद्या बिचाऱ्याला चिकटवून द्यायचे. मग ऑक्टोबर २०१३ मध्ये एक्स-वायने नियम बदलला: आता डिफॉग मैदानाच्या दोन्ही बाजूंचे काटे आणि दगड साफ करतो. रातोरात सगळ्यांना हवाहवासा. पण एक्स-वायमध्ये त्याचा टीएम नाही. कलोसमध्ये (एक्स-वायचा प्रदेश) पकडलेला झॅपडॉस तो शिकू शकत नाही. ज्याच्याकडे सात वर्षांपूर्वीच्या कार्ट्रिजवर एचएम शिकवलेला पक्षी पडून आहे, त्याच्याकडेच. आणि तोही बँक उघडेपर्यंत अडकलेला. जपानमध्ये बँक २५ डिसेंबर २०१३ ला उघडली आणि गर्दीने लगेच बंद ठेवावी लागली, बाकी जगात फेब्रुवारी २०१४. इथे मावसभावाने अचूक बोट ठेवलं: "म्हणजे एक्स-वायचे पहिले दोन-तीन महिने वेगळाच फॉरमॅट होता की." होता.

शिवाय अधिकृत स्पर्धांमध्ये त्या पिढीत जन्मल्याची निळी पंचकोनी खूण लागायची, म्हणजे तिथे हा जुना झॅपडॉस चालतच नव्हता. स्मोगॉनच्या, म्हणजे खेळाडूंच्या साइटच्या, फॉरमॅटमध्ये चालायचा. दोन वेगळे 'लीगल'. माझा प्रोग्रॅम दुसरा धरतो.

आणि चौथ्यातून पाचव्यात जाताना एचएम येत असलेला जीव अडवला जातो, मग डिफॉग पोचला कसा? हार्टगोल्ड-सोलसिल्व्हरमध्ये पाचवा एचएम डिफॉग नसून व्हर्लपूल आहे. म्हणून डिफॉगवाला जीव आधी हार्टगोल्डमध्ये न्यायचा, तिथे ती साधी मूव्ह आहे, तिथून पुढे पाठवायचा. व्हर्लपूलवाला उलट, डायमंडमधून. मग एकाच जिवात दोन्ही? अशक्य, कुठल्याही गेममधून पाठवा, दोनांपैकी एक तिथे एचएम असणारच. शोडाउनच्या तपासनीसात यासाठी स्वतंत्र एरर लिहिलेला आहे, की डिफॉग आणि व्हर्लपूल एकत्र नेता येत नाहीत. ज्याने तो लिहिला त्याला माझा नमस्कार. मी तो नियम तसाच उचलला.

२० जुलै

पाचवी पिढी, लिंगभेद. खरंच. त्या पिढीत हिडन ॲबिलिटी पिल्लाला फक्त आईकडून मिळते. आणि काही जीव त्या ॲबिलिटीसह फक्त नर म्हणूनच वाटले गेले, जुन्या पिढ्यांचे स्टार्टर (खेळाच्या सुरुवातीला मिळणारे जीव) त्यातच. शोडाउनच्या डेटात त्यांच्यासमोर 'फक्त नर' अशी खूण आहे. नर बल्बासॉर क्लोरोफिल (उन्हात वेग वाढवणारी त्याची हिडन ॲबिलिटी) पुढे देऊ शकत नाही, म्हणजे क्लोरोफिलवाला बल्बासॉर कधी अंड्यातून येत नाही, म्हणजे अंड्यातून मिळणारी कुठलीही मूव्ह त्याला नाही. गिगा ड्रेन त्यातलीच. गिगा ड्रेन चौथ्या पिढीत टीएम होता, पण तिथून आलेल्या वीनसॉरला (बल्बासॉरचं मोठं रूप) क्लोरोफिल नाही. पुन्हा काका-पुतण्या.

उन्हात धावणारा, गिगा ड्रेनने रक्त पिणारा वीनसॉर शक्य झाला तो ब्लॅक २-व्हाइट २ च्या ट्यूटरमुळे, २३ जून २०१२. प्रोग्रॅमने हीच तारीख स्वतःहून काढली. नवीन मांडणी पटली.

सहाव्या पिढीत नर आणि डिट्टो (जवळजवळ कुणाशीही जोडी जमणारा पोकेमॉन) यांच्या जोडीकडूनही हिडन ॲबिलिटी पुढे जायला लागली आणि हा सगळा वैताग संपला.

३ ऑगस्ट

पहिली-दुसरी पिढी. इथे माझी 'गेममध्ये शक्य ते लीगल' ही व्याख्या अडखळली.

गोल्ड-सिल्व्हरमधल्या टाइम कॅप्सूलने जीव मागे, पहिल्या पिढीत पाठवता येतात, अट एवढीच की जीव पहिल्या १५१ मधला हवा आणि मूव्ह पहिल्या पिढीतल्या. लव्हली किस ही मूव्ह पहिल्या पिढीत आहे, पण स्नॉरलॅक्सला तेव्हा मिळत नव्हती. दुसऱ्या पिढीत इव्हेंटमधून वाटलेल्या स्नॉरलॅक्सकडे ती होती. तो मागे पाठवला की १९९६ च्या गेममध्ये झोपवणारा स्नॉरलॅक्स हजर. कार्ट्रिजच्या दृष्टीने शंभर टक्के खरा.

पण पहिल्या पिढीच्या मुख्य फॉरमॅटमध्ये तो चालत नाही, त्याच्यासाठी 'ट्रेडबॅक' हा वेगळा फॉरमॅट आहे. मला ते योग्यच वाटतं, नाहीतर पहिल्या पिढीचा रंगच जाईल. पण मग तिसऱ्या पिढीत गेमक्यूबवरून आलेला स्नॉरलॅक्स चालतो तो का? तो त्याच पिढीच्या गेममधला आहे म्हणून. रेषा पिढीवर मारली आहे, गेमवर नाही. प्रोग्रॅममध्ये एक बटण ठेवलं: ट्रेडबॅक चालू/बंद. बंद हे मूळचं.

जाता जाता, जानेवारी २०१८ मध्ये दुसऱ्या पिढीचा क्रिस्टल व्हर्च्युअल कन्सोलवर आला आणि त्यात जीएस बॉल, म्हणजे सेलेबी हा दुर्मिळ पोकेमॉन, जपानबाहेर पहिल्यांदा गेममध्येच मिळाला. केवढी ती चर्चा. दुसऱ्या पिढीच्या ओयू या मुख्य फॉरमॅटमध्ये सेलेबी बॅनच आहे. फरक शून्य.

२७ ऑगस्ट

गणपती. काही केलं नाही. आरतीनंतर मावसभाऊ कोपऱ्यात फोनवर प्रोग्रॅमला उलटसुलट सेट घालत बसला होता, तेवढीच चाचणी.

१३ सप्टेंबर

त्याने सुचवलं की 'कधीपासून' बरोबर 'कधीपर्यंत' असाही रकाना हवा. सुचवण्यात अर्थ आहे. ड्रीम वर्ल्ड १४ जानेवारी २०१४ ला बंद झालं. थ्रीडीएसचं दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं. आज कुणी व्हर्च्युअल कन्सोलचा रेड विकत घेऊ शकत नाही, आणि ज्याने आधी बँक उतरवलेली नाही त्याला ती आता मिळत नाही. म्हणजे नवीन माणसाला स्टॅटिकचा झॅपडॉस सातव्या पिढीत आणायचा तर जुनं यंत्र शोधावं लागेल. फॉरमॅट मात्र तो चालू धरतो, कारण एकदा शक्य झालेलं परत अशक्य मानायचं नाही अशीच सगळ्यांची रीत. रकाना बनवला आणि रिकामा ठेवला. यंत्र कधी बंद पडेल याची तारीख मी कुठून आणू?

१४ सप्टेंबर

रात्री अकराला मेसेज: "दादा, बग सापडला."

सातवी पिढी, झॅपडॉस, स्टॅटिक, बॅटन पास. प्रोग्रॅमचं उत्तर: कधीच नाही.

मीही आधी बगच समजलो, कारण आजवर प्रत्येक सेटला काही ना काही तारीख आली होती. कागद घेतला. सातव्या पिढीपर्यंत बॅटन पास झॅपडॉसला मिळतो तो फक्त एक्सडीत, २००५ ला, शुद्ध केलेल्या पक्ष्याला. तो तिसऱ्यातून चौथ्यात, पाचव्यात, सहाव्यात, सातव्यात येतो, सगळीकडे प्रेशरच. ॲबिलिटी कॅप्सूल हिडन ॲबिलिटी देत नाही. हिडन देणारा ॲबिलिटी पॅच आला आठव्या पिढीत, क्राउन टुंड्रा या पुरवणीसोबत, ऑक्टोबर २०२० ला, आणि आठव्यातून सातव्यात परतीचा रस्ता नाही. दुसरीकडे स्टॅटिकवाला पक्षी पहिल्या पिढीतून थेट सातव्यात, त्याला बॅटन पास शिकवणारा तिथे कुणी नाही.

पुन्हा एकदा सगळे रस्ते बोटाने फिरवले. मग त्याला लिहिलं: बग नाही, झोप आता.